दुपारी झोपलेले मासे

मी, पोलिक्सेनी कार्वेला, राहणार वोलोस, वय वर्षे एकाहत्तर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाविना हे लिहून ठेवते. सोमवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. अक्षर वेडेवाकडे आले आहे ते भीतीपेक्षा आनंदाने, तेव्हा त्याला नावे ठेवू नयेत.

राहते घर आणि बँकेतली शिल्लक भाची लेमोनिया हिला. अंगणातले लिंबाचे झाड तिने तोडू नये, शेजारीण आर्गिरो पाल्याच्या कचऱ्यावरून कितीही बोलली तरी.

सूक्ष्मदर्शक आणि माशांच्या टाक्या विद्यापीठाला. टाक्यांतली माशांची पिल्ले नखाएवढीही नाहीत, पण त्यांची डोकी पारदर्शक आहेत, आतली मेंदूची जिवंत पेशी दिसते. जागेपणी तिच्यातल्या गुणसूत्रांचे धागे तुटत राहतात. झोप लागली की गुणसूत्रे हलू लागतात आणि तुटलेले सांधले जाते. रात्रीचे हे ठाऊकच होते. दुपारच्या डुलकीतही तेच घडते, असे मी म्हणाले, तर सहकारी स्तामातिस व्रेत्तोस भर बैठकीत म्हणाला, "पोलिक्सेनी, तुझ्या आळसाला शास्त्राचं नाव देऊ नकोस." त्याच्या प्रयोगात झोपलेल्या आणि जागत्या माशांत फरकच निघाला नव्हता. तो टोमणा मी अजून विसरलेले नाही.

गेल्या महिन्यात कॉफी पिताना तोच सहज बोलून गेला. माशांना हलवून जागे ठेवणारे यंत्र खडखडते, म्हणून इथे दुपारी पाळल्या जाणाऱ्या शांततेच्या वेळी शेजाऱ्यांसाठी ते बंद करून तो घरी झोपायला जायचा. इथे कोण जात नाही? म्हणजे त्याचे जागते मासेही खुशाल झोपत होते. खडखडाट दबावा म्हणून मी यंत्राखाली आईची गोधडी घातली, दुपारभर ते चालू ठेवले, आणि फरक दिसला. लख्ख दिसला. मी प्रयोगशाळेत एकटीच नाचले.

पण माझ्या एकटीच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार? मी सोमवारी उठले नाही, तर हे माझ्याबरोबरच जाईल. स्तामातिसने पुन्हा करून पाहिले तरच टिकेल. त्याला मी काही ठेवत नाही, कारण तो साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला वाटा देऊ नये. प्रयोग पुन्हा करावा, त्याच्याकडे एवढीच मागणी.

इथवर लिहून झाल्यावर आज तो आला, जेवला आणि हे वाचता वाचता कोचावर घोरू लागला. मी उठवले नाही. आत दुरुस्ती चालू असेल. जागा झाल्यावर त्याने वरचे कलम पुन्हा वाचले आणि म्हणाला, "ती गोधडी कुठं ठेवलीस?"

मग त्याने सही केली.

वोलोस, शनिवार, १४ जून २०२५

लिहून देणार: पोलिक्सेनी कार्वेला
साक्षीदार: आर्गिरो मानेसी (शेजारीण)
साक्षीदार: स्तामातिस व्रेत्तोस