बताशावरचं रोशाचं तेल

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण आज वाटतंय तुम्ही हवे होतात, निदान मला रागवायला तरी. आई धुळ्याच्या दवाखान्यात आत आहे. ताप फ्लूचाच आहे, पण डॉक्टरांना घोर लागलाय तो पोटात गेलेल्या तेलाचा. मी बाहेर बाकावर बसलेय आणि जीव नुसता टांगणीला लागलाय.

साक्रीच्या रानातली आपली रोशा गवताची भट्टी डोळ्यांपुढून हलत नाही. हंड्यात गवत उकळतंय, नळीतून पाणी आणि तेल मिसळून ठिबकतंय आणि मी नाचत सांगतेय, आज खूप निघालं. तुम्ही डोळे वटारता. "आधी तेल वर येऊ दे, मंग बोल." ते तेल तुम्ही गुडघ्यांना, तळपायांना चोळायचात, पण जिभेला कधी लावू दिलं नाहीत.

आता जळगावच्या प्रयोगशाळेत मी तेच तेल फ्लूच्या विषाणूवर तपासते. काचेच्या ताटलीत जिवंत पेशी वाढवायच्या, त्यांच्यात विषाणू सोडायचा, मग तेल घालायचं. परवा बघितलं तर विषाणूचा मागमूस नाही. मला कुठला दम! लगेच आईला फोन लावला, आबांच्या तेलानं फ्लू मेला गं. काल नुसतं तेल घातलेल्या पेशी बघितल्या, तर त्याही मेलेल्या. विषाणूला राहायला जागाच उरली नव्हती. ढेकणांपायी घर जाळावं तसं झालं होतं. घाबरून पुन्हा फोन केला, तर आई तापानं फणफणलेली आणि आदल्या दिवसापासून बताशावर तेल टाकून खात होती. "तुना बापनं तेल शे, पोरी. मले काय व्हवाव नही," म्हणाली. तिचा विश्वास तुमच्यावर होता आणि शब्द माझा होता. तशीच गाडी काढून साक्रीला गेले आणि तिला इथे घेऊन आले.

डॉक्टर म्हणतात, संध्याकाळपर्यंत काही सांगता येत नाही. मला फार भीती वाटतेय, आबा. मघाशी क्षणभर आत सोडलं तेव्हा तिचे पाय गार लागले. तेलाची बाटली माझ्याकडेच होती, डॉक्टरांना दाखवायला घेतलेली. त्यानं काही गुण येत नाही, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक? तरी बोट बुडवलं आणि तुमच्यासारखं तिच्या दोन्ही तळपायांना चोळलं. डॉक्टरांना सांगितलेलं नाही.