जिन्याखालच्या शेहेचाळीस बाटल्या

मी, ओडील बेलांजे, वय पंच्याहत्तर, कैलासवासी आर्मांची बायको, राहणार मॉक्सी, डोकं ठिकाणावर असताना आणि कुणी भरीस घातलेलं नसताना हे लिहून ठेवते. याआधीची सर्व मृत्युपत्रं रद्द समजावीत. याआधी एकही केलेलं नाही, पण हे वाक्य लागतंच असं शेजारची कॉन्सुएलो म्हणते, आणि ती बारा वर्षं वकिलाकडे कामाला होती. शाळा मी तिसरीत सोडली. दर सप्टेंबरात हॉपची, म्हणजे बिअरला कडू करणाऱ्या फुलांची, तोडणी यायची आणि आम्ही पोरं वेलांखाली. तेव्हा अक्षराला कुणी हसू नये.

कलम १. घर आणि बँकेत असेल ते माझी मुलगी लोरेट हिला. शेगडीवरचा चिकट डाग तिने खरवडू नये. तो माझ्या बिअरचा आहे. वाढदिवसाला तिनेच घरी बिअर करायचं किट आणून दिलं: माल्टच्या पाकाचा डबा, काकवीसारखा घट्ट, हॉपच्या गोळ्या, यीस्टची पुडी, साखरेची पुडी आणि सूचनांचा कागद. आयपीए, म्हणजे कडूतली कडू. जन्मभर ती फुलं तोडली, बोटं काळी केली, पण त्यांची बिअर घरात कधी केली नव्हती. उकळत्या पाकात पहिल्या गोळ्या टाकल्या तर फेस भसाभस वर आला आणि भांडं उतू गेलं. घरभर तोडणीचा वास सुटला. मी शेगडीपुढे उभी राहून एकटीच हसत होते.

कलम २. हे कुणाला सांगितलेलं नाही, म्हणून नीट लिहिते. बाटल्या भरायच्या आधी पुडीतली साखर पाण्यात उकळून तयार बिअरच्या बादलीत घालायची, म्हणजे बाटलीत वायू धरतो. ती मी घातली. पण आर्मां दर उन्हाळ्यात आल्याची बिअर करायचे तेव्हा प्रत्येक बाटलीत अर्धा चमचा साखर टाकायचं काम माझं असायचं. चाळीस वर्षांची सवय. गाणं गुणगुणत मी अठ्ठेचाळीसही बाटल्यांत अर्धा अर्धा चमचा टाकला, जावई डेलने वरून झाकणं दाबली आणि बाटल्या जिन्याखालच्या कपाटात ठेवल्या. साखर दोनदा पडली हे मला गुरुवारी कळलं, जेवताना पहिली बाटली फुटली तेव्हा. दुसरी काल सकाळी. तिची काच जिन्याखालच्या दारात इतकी रुतली की पकडीने ओढावी लागली.

त्या गुरुवारी जेवतानाच लोरेट नवऱ्याला म्हणाली, "बाटल्या नीट धुतल्या असत्यास तर ही वेळ आली नसती." डेल उठून काचा गोळा करायला लागला. मी सूप पीत राहिले. देवाने मला त्या सुपाची क्षमा करावी.

कलम ३. जावई डेल हचिन्स याला आर्मांची सगळी हत्यारं, मोठ्या शिडीसकट. डेलला एकच डोळा आहे. दुसरा, तो बावीस वर्षांचा असताना, हॉपच्या मळ्यातली ताणलेली तार तुटून गेला. आज सकाळी कामावर निघताना तो म्हणाला, चारला येतो आणि उरलेल्या शेहेचाळीस बाटल्या मी बाहेर काढतो, तुम्ही त्या दाराकडे फिरकू नका. चूक माझी आणि डोळा त्याचा. म्हणून मी तीनला जाणार.

कलम ४. नणंद सिमोन हिला काही नाही. १९६८ साली मी भाजलेल्या ॲपल पायला तिने चपलेचा तळ म्हटलं होतं. बाटली उरलीच तर एक द्यावी, आणि ती तिने स्वतः उघडावी.

कलम ५. मी आर्मांचा वेल्डिंगचा मुखवटा आणि चामड्याचे हातमोजे घालीन, बाटल्यांवर ओली गोधडी टाकीन, आणि एकेक झाकण थोडं उचलून वायू सोडीन. काही झालं तर शवपेटी बंद ठेवावी, लिलीची फुलं नकोत. मघाशी दाराला कान लावला तर आत काहीच आवाज नव्हता, आणि त्याचीच जास्त भीती वाटली.

इथवर लिहिलं आणि कॉन्सुएलो साक्षीदार म्हणून सही करायला आली. दुसरा साक्षीदार शोधतोय तोवर डेल अडीचलाच घरी. वेळेआधी कसा, विचारलं तर म्हणाला, तुमच्यावर भरवसा नव्हता. कागद त्याने उभ्याउभ्याच वाचला. दुसऱ्या कलमाशी थांबला.

"आई, मला गुरुवारीच कळलं होतं. बाटल्या भरल्या त्या दिवशी साखरेचा चमचा तुमच्या हातात होता."

"मग लोरेटला बोलला का नाहीस?"

"तुम्ही किती खुशीत होतात."

तो बाही वर सारून जिन्याखालच्या दाराकडे वळला तेव्हा मी त्याला धरलं आणि म्हटलं, आधी सही कर. कॉन्सुएलो म्हणाली, ज्याला काही मिळतंय त्याने साक्ष देऊ नये. डेल म्हणाला, मग माझं नाव खोडा. हत्यारं मी खोडली, ती आता लोरेटला. तिच्याकडून मागून घे म्हटलं.

त्याने सही केली. मग मी कॉन्सुएलोला विचारलं, साक्षीदाराचं काम काय असतं? तिने माझ्याकडे पाहिलं. बारा वर्षं वकिलाकडे काढलेली बाई, तिला सगळं समजलं.

"सही केलेल्याने धडधाकट राहायचं असतं," ती डेलला म्हणाली. "उद्या कोर्टात कुणी विचारलं तर सांगणार कोण? तू आता अंगणात जा."

डेल तिच्याशी भांडला, माझ्याशी भांडला. पण सही वाळली होती.

कलम ३ मधला खोडलेला मजकूर मी स्वतः खोडला आहे. हे सर्व मला मान्य आहे. मुखवटा चढवते.

सही: ओडील बेलांजे
साक्षीदार: कॉन्सुएलो बारेरा, स्वयंपाकघरात
साक्षीदार: डेल हचिन्स, अंगणात, जिन्यापासून तीस पावलं, रागावलेला

मॉक्सी, वॉशिंग्टन राज्य
शनिवार, १४ सप्टेंबर २०१९, दुपारी तीनला पाच कमी