अजगराला घर पटल्याची खूण

४ नोव्हेंबर

ज्यांनी साप पाळला आहे, त्यांनी हे नक्की पाहिले असेल. अरुंद खोक्यात मजेत जेवणारा साप प्रशस्त काचेच्या पेटीत हलवला की अन्नाकडे ढुंकूनही पाहत नाही. जागा वाढली, उजेड वाढला आणि भूक मात्र मेली. असे का व्हावे?

हे कोडे सोडवायलाच मी आज धाकट्या भावाच्या घरी दाखल झाले. भाचा नोकरीसाठी परदेशी गेला आणि जाताना आपला बॉल पायथन मागे ठेवून गेला. हा बुटका, गुबगुबीत अजगर घाबरला की डोके मध्ये घेऊन चेंडूसारखा गोळा होतो. जाण्यापूर्वी भाच्याने हौसेने त्याला भलीमोठी काचपेटी आणली, आणि तेव्हापासून स्वारीचा उपास चालू आहे. भावाने त्याचे नाव जावईबापू ठेवले आहे. ऊब लागते, काम शून्य, आणि रुसले की जेवत नाहीत. भावजय म्हणाली, वन्सं, जन्मभर प्राणिशास्त्र शिकवलंत ना, आता काढा यांची समजूत. आम्ही पोट धरून हसलो.

करार साधा आहे. जावईबापू जेवले की मी माझ्या दोन खोल्यांत परत. दाराबाहेरच्या कुंड्यांना पाणी घालायला शेजारीण आहे. किल्ली माझ्या पर्समध्ये आहे.

मला दर्शनी खोली दिली आहे. तिला तिन्ही बाजूंनी खिडक्या. झोप मात्र लागत नाही.

६ नोव्हेंबर

कोड्याचे उत्तर असे: जागा मोठी असणे हा दोष नाही, उघडी असणे हा आहे. रानात हा प्राणी दिवसभर बिळात किंवा वारुळात दडून असतो. पाठीला आणि कुशींना भिंत टेकली की त्याला सुरक्षित वाटते. काचेत चारही बाजूंनी माणसे हलताना दिसतात. अशा वेळी जेवण कोणाला सुचेल?

म्हणून आज आम्ही लाकडी पेटी घेतली. काचेपेक्षा तिच्यात ऊब आणि ओल टिकते. एक टोक बत्तीस अंशांवर, दुसरे सव्वीसवर, आणि दिव्याला थर्मोस्टॅट. त्याविना दिवा लावणे म्हणजे साप भाजणे. खाली नारळाच्या सालीचा भुगा, दोन्ही टोकांना एकेक लपण, तेही इतके घट्ट की अंग चहूकडून टेकावे. पुढच्या काचेच्या बाजूंना काळा कागद लावला. आणि कुलूप! हे जनावर नाकाने प्रत्येक फट ढकलून पाहते.

भावजय एकेक गोष्ट विचारून घेत होती. घर पटलं हे कळायचं कसं, असे तिने विचारले. मी सांगितले, की पटले की ते दार ढकलणे सोडते. तिने मान डोलावली. मला माझा वर्ग आठवला.

१० नोव्हेंबर

जावईबापू जेवले! चिमट्यातला उंदीर त्यांनी क्षणात ओढून घेतला. मी टाळ्याच पिटल्या.

रविवारी निघते म्हटल्यावर भावाने पेटीला कुलूप लावले. मग म्हणाला, ताई, गेल्या वर्षी जिन्यात पडलीस, दुसऱ्या दिवसापर्यंत कुणाला पत्ता नाही; उद्या काही झालं तर लोक तोंडात शेण घालतील आमच्या. भावजय म्हणाली, वन्सं, तुम्ही इथे झोपतही नाही, जेवण चिवडता. खोली फार उघडी पडते तुम्हाला.

तिने माझी खाट स्वयंपाकघरामागच्या लहान खोलीत हलवली. एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला कपाट.

मी गाढ झोपले. निदान अचूक होते, हे मान्य केले पाहिजे.

१३ नोव्हेंबर

खिडकीला काळा कागद लागला आहे. उन्हाची तिरीप डोळ्यांवर येते, असे भावजयीचे म्हणणे. हीटरही आणला. त्याला थर्मोस्टॅट आहे, मी तपासला.

पर्स सापडत नाही. जपून ठेवली आहे म्हणते. फोनही तिथेच. नव्या जागी रुळेपर्यंत फार हाताळू नये, असे मीच शिकवले होते. तेच ती हसत म्हणाली. मीही हसले.

नंतर तिने दार ओढून घेतले. कडी बाहेरून आहे.

१७ नोव्हेंबर

हाका मारल्या. दार ढकलले — खांद्याने, मग पाठीने. ताट आत सरकवले गेले. मी शिवले नाही.

दाराबाहेर भाऊ रडवेला झाला होता. अगं, चार घास तरी गेले का तिच्या पोटात, असे विचारत होता. भावजय शांतपणे समजावत होती: नव्या जागी उपास होतोच, घाबरून पुनःपुन्हा उघडून पाहायचं नाही, त्यानेच बिथरतात. शब्द न् शब्द माझा. चूक काढायला जागा नाही.

उभ्या कारकिर्दीत इतकी चांगली विद्यार्थिनी मला मिळाली नव्हती.

१९ नोव्हेंबर

शेजारीण आली होती. तिचा आवाज ओळखला. पाणी घालूनही कुंड्या सुकायला लागल्या, बाई कधी येणार, म्हणून विचारत होती. भावजय म्हणाली, आता इथेच रमल्यात हो.

ओरडायचे होते. तोंड उघडले — पण बाहेर पावले फार होती. माणसे हलत होती. मी कपाटामागे — पाठ टेकली — आणि ती जाईपर्यंत —

२१ नोव्हेंबर

जेवले. सगळे.

बाहेर कोणीतरी टाळ्या पिटल्या.

२३ नोव्हेंबर

कडी काढली आहे. दार सताड उघडे.

समोर बोळ, त्यापुढे घराचे दार, तेही उघडे. ऊन. टेबलावर माझी पर्स. भावजय लांब खुर्चीवर बसली आहे. हलत नाही. बरोबर आहे, हलायचे नसतेच.

सकाळपासून असेच आहे. दार मी चार दिवसांत ढकललेले नाही — आज लक्षात आले.

चाचणी सोपी आहे. कोणालाही घरी करता येईल. स्वतःवरसुद्धा. दार उघडे ठेवावे. बाहेर कोणी बोलावू नये, आत कोणी अडवू नये. मग बघावे. बाहेर आला, तर घरात कुठेतरी चूक आहे. आला नाही तर —

मी जाणार आहे. कुंड्या सुकताहेत. हे वाक्य पुरे झाले की मी उठणारच आहे, म्हणून हे वाक्य जरा, अजून थोडे, इतकेच, की पाठीला भिंत अजून उबदार आहे आणि