अठरा टक्के बेपत्ता

३ जून, सकाळी १०
शाळांच्या आकडेवारीची बातमी संपादकांनी मलाच दिली. शेवटी अनुभव बोलतो. (ऑफिसात तेव्हा दुसरं कोणी नव्हतं, पण तो मुद्दा वेगळा.) पहिल्या पानावर येणार. मग मुख्य वार्ताहर मीच!

दुपारी ४
शिक्षण खात्याचं पत्रक वाचलं. तेरा पानं. पहिलं पुरलं. नववीत आलेल्यांपैकी ८२ टक्के मुलं चार वर्षांत बारावी पास. मग उरलेली १८ टक्के गेली कुठे? पान एक यावर चक्क गप्प! बायको शाळेत गणित शिकवते, तिला विचारता आलं असतं. पण मोठ्या बातमीचा घरात बोभाटा नको.

४ जून
छापून आली! 'अठरा टक्के विद्यार्थी बेपत्ता!' शेजारचे काका म्हणाले, वाचून हातपाय गार पडले. बायकोने पेपर उलटा करून ठेवला. भारावली असावी.

५ जून
फोन थांबेनात. एक आई विचारत होती, मुलगा समोर बसून जेवतोय, तरी तो अठरा टक्क्यांत आहे का? खात्री करून कळवतो म्हटलं.
दुपारी पोलीस निरीक्षक आले. बेपत्ता मुलांची यादी मागितली. सूत्रं उघड करत नाही, असं बाणेदारपणे सांगितलं. त्यांनी खुर्ची जवळ ओढली. पत्रक देऊन टाकलं. त्यांनी पान दोन उघडलं. नऊ टक्के दुसऱ्या शाळांत गेली, सहा टक्के अजून शिकतायत, तीन टक्क्यांनी शाळा सोडली. हे त्यांनी बोट ठेवून दोनदा वाचून दाखवलं. सगळ्या ऑफिससमोर.

६ जून
खुलासा लिहायला सांगितला. पाच मिनिटांत हातावेगळा केला. मथळा: 'पंधरा टक्के विद्यार्थी सुखरूप सापडले, पोलिसांची कामगिरी.' संपादक कपाळाला हात लावून बसले. उकाडाही फार आहे.

७ जून
ही शिक्षा नाही, प्रशिक्षण आहे. संपादकांचा आदेश: आठवडाभर सातवीच्या सुट्टीतल्या गणिताच्या जादा तासाला बसायचं. शिकवायला आमचीच बायको. वर्गात तिला 'बाई' म्हणायचं, असं घरी ठरलं. (तिने ठरवलं.)

१४ जून
चाचणी झाली. वीसपैकी सहा. आधीच्या चाचणीत तीन होते. म्हणजे थेट शंभर टक्के वाढ! संपादकांना फोन करून बातमी सुचवली. मुख्य वार्ताहरपद क्रीडावाल्याला दिलंय म्हणाले आणि फोन ठेवला.
पेपरवर पालकांची सही हवी. बायकोची चालेल का, विचारलं. बाई नाही म्हणाल्या.
आई संध्याकाळच्या बसनं येतेय.