शीलाताईंचं चिन्ह

४ ऑगस्ट
करमाडच्या बायका दुकानात आल्या. शीलाच्या नावानं दरवर्षी एका नर्सचा सन्मान करायचाय, त्याला चिन्ह पाहिजे. शीला म्हणजे ह्यांची पहिली बायको. तिकडं नर्स होती, वारून पाच वर्षं झाली. मी दुसरी. बजाजनगरात डिझाइनचं दुकान माझं, म्हणून मलाच. "घरचंच माणूस काढील तर बरं," म्हणाल्या. हो म्हणून बसले.

५ ऑगस्ट
दिवा, दोन हात, भोवती पानं. तासाभरात उरकलं. ह्यांना दाखवलं. "छान आहे." माझ्या कामाला नेहमी एवढंच.

९ ऑगस्ट
नापसंत. पारूबाई, त्यांच्यातल्या म्होरक्या, म्हणाल्या, "ताई, हे कुणाचंबी व्हईल. आमच्या शीलाताईचं नाय." मग सांगत बसल्या. मेंढरांचा वाडा, म्हणजे ह्या धनगरांचा मुक्काम, जिथं बसेल तिथं ती पायी जायची, खांद्याला वजनाचा काटा. बाभळीच्या फांदीला झोळी टांगून लेकरं तोलायची. वजन वाढलं की आईच्या आधी हीच हसायची.
लई राग आला. जिवंत असती तर कधीतरी चुकली असती. आता कशाला चुकतेय.

१० ऑगस्ट
फांदी, काटा, झोळी. झोळीतून बाहेर एक इवलासा पाय. चांगलं झालंय. इतकं चांगलं माझ्या हातून कधीच झालं नव्हतं, आणि झालं ते हिच्यासाठी.
संध्याकाळी ह्यांना दाखवलं. बघतच राहिले. स्क्रीनवरच्या झोळीवरून बोट फिरवलं. "काटा डाव्या खांद्याला घ्यायची ती." लग्नाला तीन वर्षं झाली, तिच्याबद्दल आज पहिल्यांदा बोलले. मग बाहेर ओट्यावर जाऊन बसले. चहा नेऊन दिला. गार झाला तरी तसाच.
माझ्याकडं असं कधी बघितलं का? नाही आठवत.

१२ ऑगस्ट
बायकांना पसंत. पारूबाई डोळे पुसत म्हणाल्या, "खाली तुमचं नाव बारीक टाका की." ह्यांना विचारलं. "तिच्या चिन्हावर तुझं कशाला?" लगेच म्हणाले, "म्हणजे तसं नाही गं."

१३ ऑगस्ट
आज फाइल छापायला द्यायची. सकाळी नाव टाकलं. दुपारी काढलं. आत्ता परत टाकलंय, शीलाच्या नावाएवढंच मोठं. फार दिसतंय.
छपाईवाल्याचे दोन फोन येऊन गेले. हे विचारतायत, "दिली का?"
देते म्हटलं.