अध्यक्षांचा बोर्ड

चाकण,
५ मे २०२४

चि. सौ. रुपालीस,
अ. उ. आ.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र माझा मेहुणा सिद्धेश याच्याबरोबर पाठवतो आहे. बाबांची पिकअप पुन्हा रस्त्यात तापली आणि कंपनीत तुझं जेवण उशिरा पोहोचलं, हे कळलं. आणखी एकदा उशीर झाला तर जेवणाचं काम दुसऱ्याला देतील, असं कंपनीवाले म्हणाले म्हणे.

आज घरीच गाडी तपासली. इंजिन थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडलं. कूलंट भरलेलं आहे, पाइप गळत नाही, पंखा फिरतो. बराच वेळ अंगणात गाडी चालू ठेवली, तापमानाचा काटा मधल्या रेघेवरून हलला नाही. म्हणजे दोष गाडीत नाही. बायकांचा पाय क्लचवरून उठत नाही, दुसरं काय! पुढच्या सोमवारपासून गाडी सिद्धेश चालवेल. तू स्वयंपाक सांभाळ.

राग मानू नकोस, माया असू दे.

तुझा,
गणराजदादा
(अध्यक्ष, नवचैतन्य मित्रमंडळ)

संत तुकाराम नगर,
९ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

नावाखाली हुद्दा लिहिलास ते बरं केलंस, नाहीतर कुठला गणराज म्हणून माझा घोटाळा झाला असता.

वाढदिवसाला मंडळाने दिलेला तुझ्या फोटोचा भलामोठा बोर्ड तू पिकअपच्या पुढच्या जाळीवर बांधलास. तो सोडल्याशिवाय बॉनेट उघडत नाही. वहिनी सांगत होत्या, दर रविवारी गाडी घरी नेलीस की तू तो सोडतोस, पुसून देव्हाऱ्याशेजारी ठेवतोस आणि तपासणी झाली की परत बांधतोस. म्हणजे तू तपासतोस तेव्हा बोर्ड नसतो आणि मी भाताची पातेली घेऊन निघते तेव्हा असतो. जाळी झाकल्यावर रेडिएटरला वारा काय तू घालणार?

काल बोर्ड काढून चाकणला गेले, काटा मधेच राहिला. येताना बांधला, तर मोशीपर्यंत काटा लालात. क्लच तोच होता आणि पायही माझाच.

ही गाडी मला बाबांनी शिकवली, दादा. ती तू एका पत्राने काढून घेतलीस, याचं मला फार वाईट वाटलं. रविवारी न्यायला येशील तेव्हा बोर्ड तुझ्या हातात देईन. बांधायचा की नाही, ते अध्यक्षांनी ठरवावं.

लोभ असू दे, पुढून वाराही येऊ दे.

तुझी,
रुपाली

चाकण,
१२ मे

चि. सौ. रुपालीस,
अ. उ. आ.

खात्री करावी म्हणून आज बोर्ड बांधूनच निघालो. स्टिअरिंगवर सिद्धेश होता, मागे कांद्याच्या गोण्या. गाडी नेमकी बाजाराच्या दारात तापली. बॉनेट उघडायचं म्हणून बोर्ड सोडून मी हातात धरला. स्वतःचाच फोटो कवटाळून भर उन्हात उभा असलेला अध्यक्ष सगळ्या बाजाराने पाहिला. मंडळाच्या ग्रुपवर फोटो फिरतो आहे, तुझ्या वहिनीने तो मलाच पाठवला.

सिद्धेश गाडी आणि किल्ली घेऊन येतो आहे. क्लचचं मी उगाच बोललो. बोर्ड मागच्या बाजूला लावला आहे, तेवढा राहू दे.

पूर्वीसारखीच माया राहो.

तुझा,
गणराजदादा

संत तुकाराम नगर,
१४ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

किल्ली मिळाली. जेवण दोन्ही दिवस वेळेवर पोहोचलं. यावेळी हुद्दा लिहायला विसरलास.

बोर्ड मागे छान दिसतो. काल कोंडीत मागच्या ट्रकवाल्याने उतरून विचारलं, हे साहेब कोण. मी सांगितलं, माझे भाऊ आहेत, दर रविवारी माझी गाडी धुतात.

रविवारी वाट पाहते.

तुझी,
रुपाली