पुराच्या दिवशीचं पान

प्रिय टिल्लू,

तू सहा फुटांचा झालास तरी माझ्यासाठी टिल्लूच. फोनच करणार होते, पण तुझा आवाज ऐकला तर माझी वाचाच बसेल, म्हणून लिहायला बसले. अक्षर वाकडंतिकडं आलं तर सांभाळून घे.

आधी घरचं सांगते. तू बसवून दिलेला नळ आता गळत नाही. लेकीच्या दातांची तार निघाली, बाई आरशासमोरून हलत नाही. "आधी मामाला दाखवायचंय" म्हणून हट्ट धरून बसलीय. तिचे बाबा गेल्यापासून तिला तूच बाप झालास. सायकल शिकवलीस, तापात उशाशी बसलास, स्वतःच्या लग्नाचा विषय निघाला की मात्र उठून जायचास. शेजारणी म्हणतात, असा भाऊ मिळायला भाग्य लागतं. मीही मान डोलवायचे.

ग्रंथालयात माझ्याकडे नवीन काम आलंय. तू सुरू केलेलं आपल्या वस्तीचं पान कायमचं जपून ठेवायचं ठरलंय. तूच मला समजावलं होतंस, आठवतं? हे पान कुठल्या कंपनीच्या यंत्रावर नसतं, वाचणाऱ्या प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर, फोनवर त्याची एकेक प्रत असते. लिहायची किल्ली तेवढी तुझ्या एकट्याकडे. तू काही बदललंस की नवी आवृत्ती सगळीकडे पोचते आणि जुनी तिच्याखाली तशीच राहते. आपल्या यंत्रावरची जुनी आवृत्ती पुसता येते, दुसऱ्याच्या यंत्रावरची नाही. म्हणून मी घरोघरचे जुने कॉम्प्युटर मागून आणले आणि एकेक आवृत्ती उघडत बसले. मजा वाटत होती. कुणाची मांजर हरवलेली, कुणाचं पाणी तुंबलेलं. एकदा तर तू "बेकरीवाला मुलगी झाला" असं लिहून घाईघाईने दुरुस्त केलं होतंस. एकटीच हसले.

तुझ्या यंत्रात पुराच्या दिवशीच्या आवृत्त्या नव्हत्या. खराब झाल्या असतील म्हटलं. मग ह्यांचा लॅपटॉप काढला. त्या दिवशी तो वर घरात चालूच राहिला होता. त्यात सापडली, पुलावरच्या पट्टीवर पाण्याची पातळी मोजणाऱ्या काकांच्या निरोपाची आवृत्ती. "पट्टीवाल्या काकांचा वायरलेसवरून निरोप. पुलापाशी पाणी झपाट्याने चढतंय. खालच्या गल्लीने ताबडतोब वर जावं." पुढची आवृत्ती उघडली, तर निरोप गायब. त्यानंतरचा निरोप थेट पाणी गल्लीत शिरल्यावरचा.

टिल्लू, परत परत मागे-पुढे करून पाहिलं. मग एकदम आठवलं. त्या दिवशी हे दुकानातली शिलाई मशीनं तशीच टाकून धावत वर आले होते. "लेकीला बूट घाल," म्हणाले. मी बूट शोधतेय तोवर फोनकडे पाहून हसले. "राहू दे गं, काही नाही," म्हणत परत खाली गेले, ते कायमचेच. ते काय पाहून हसले, हे मला आज कळलं.

निरोप का काढलास, याचा अंदाज आहे मला. आदल्या आठवड्यात काकांच्या निरोपावरून अख्खी गल्ली सामानासकट वर पळाली होती आणि पाणी पायरीलाही लागलं नव्हतं. "लांडगा आला रे" म्हणून पोरंसोरं तुला चिडवायची. पुन्हा हसं व्हायला नको, एवढंच तुझ्या मनात असणार. मी तुला ओळखते. पण नंतर चौकशीत सगळ्यांसमोर तू म्हणालास, काकांचा निरोप आलाच नाही. काका गयावया करत राहिले, "अहो, मी सांगितलं होतं हो!" कुणी ऐकलं नाही. त्यांची नोकरी गेली. अजूनही ते दिसले की लोक रस्ता बदलतात. काकू तर घराबाहेरच पडत नाही.

ही आवृत्ती मी ग्रंथालयाच्या संग्रहात ठेवली आहे आणि ती मी काढणार नाही. हे पत्र आहे ते एवढ्याचसाठी. रविवारी सकाळी मी काकांच्या घरी जाणार आहे. तू त्याआधी ये. मी तोंड उघडण्याआधी तूच त्यांना तुझ्या तोंडाने सांग. लेकीला मी अजून काही बोललेले नाही. माझ्या घरी जे राबलास ती माया होती की फेड, हे विचारायची आज हिंमत नाही. त्यानंतर तुला घरात घेईन का, तेही ठाऊक नाही. पण काकांच्या दारात तुला एकट्याला उभं राहू देणार नाही, एवढं मात्र नक्की.

तुझीच,
ताई